शेपटीला पान समजले

जळगावहून धुळ्याला लोक कशाकशासाठी जातात. लग्नाला जातात, कोर्टाच्या तारखेला जातात, मुलगी बघायला जातात, कुणी सोयरिकीतलं भांडण मिटवायलाही जातं. गेल्या हिवाळ्यात मी एका जुन्या व्हॅनमधून तीसेक अनारकली ड्रेस आणि त्यांच्यावर बसलेले शेकडो पक्षी घेऊन गेले. त्यातला एकही पक्षी मी मागवला नव्हता.

माझं जळगावात छोटंसं दुकान आहे. पुढे विक्री, मागच्या खोलीत कटिंग, आणि शिलाईला कपडा जातो नशिराबादला. पूर्वी मीही सगळ्यांसारखी सुरतेहून कपडा आणायचे. मग व्हायचं काय, की माझ्या दुकानातली प्रिंट समोरच्या दुकानात, तीच गावातल्या फुले मार्केटात, आणि तीच शेजारणीच्या उशीच्या अभ्र्यावर. वैतागून मी आयातीचा परवाना काढला आणि इंडोनेशियातल्या बांडुंग शहरातल्या एका छपाईवाल्याकडून थोडा थोडा रेयॉन मागवू लागले. त्याचं नाव हेंद्रा. तिकडे मोठ्या माणसाला ‘पाक’ म्हणतात, आपल्याकडे भाऊ किंवा नाना म्हणतात तसं. पाक हेंद्रा दर वेळी फोनवर आधी केळ्यांची चौकशी करतात. आम्ही केळ्याचे वेफर्स करतो यात त्यांना नवल वाटत नाही, पण पिकलं केळं आम्ही तळून खात नाही हे त्यांना अजून पटलेलं नाही.

धुळ्याची सना माझ्याकडे अशीच आली, इंटरनेटवर माझ्या दुकानातली एक जुनी प्रिंट बघून. तिचं लग्न ठरलं होतं. मेहंदीच्या दिवशी घरातल्या सगळ्या बायकांनी एकाच कपड्याचे ड्रेस घालायचे, असं तिच्या मनात होतं. तिची फुफी, म्हणजे आत्या, सुरतच्या कपड्याच्या बाजूने होती. सनाने हट्ट धरून मला निवडलं. तिच्या दादीने एकच अट घातली: कपड्यावर जानदार काही नको. माणूस नको, जनावर नको, पाखरू नको. बायका त्याच कपड्यात नमाज पढणार. मी म्हटलं, दादी, पानांची वेल आहे, पानंच पानं. माझ्याजवळ पंज्याएवढा नमुना होता, तो मी त्यांच्या हातात दिला. त्यांना फारसं दिसत नाही. त्यांनी बोटांनी चाचपून मान डोलावली.

नशिराबाद

माल बंदरातच इतका रखडला की हातात आला तेव्हा लग्न दारात उभं होतं. मी माल सोडवणाऱ्या मुंबईच्या एजंटाशी फोनवर भांडत असताना इकडे मागच्या खोलीत कारागिराने थरावर थर लावून कापडं कापलीसुद्धा. थर लावताना कपड्याची उलटी बाजू वर असते, त्यावर खडूच्या खुणा करतात. म्हणजे सुलटी बाजू कुणी निवांत बघितलीच नाही. मीही नाही.

मेहंदी उद्यावर आली तेव्हा मी नानांना घेऊन नशिराबादला निघाले. नाना म्हणजे माझे चुलते, वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. दारूगोळ्यात आयुष्य गेल्यामुळे ते कुठलीही वस्तू हळूच उचलतात, हळूच ठेवतात. व्हॅनसुद्धा ते तशीच चालवतात. एरवी मला त्याचा राग येतो. त्या दिवशी फारच आला.

शिलाईचं काम बघणाऱ्या हिराअक्कांच्या अंगणात ड्रेस दोरीवर टांगलेले होते. सकाळचं ऊन त्यांच्यातून आरपार येत होतं. घेर सुंदर पडला होता, बाह्या नीट बसल्या होत्या. मी पहिल्या ड्रेसच्या छातीवरून हात फिरवला आणि हात तिथेच थांबला. पानांच्या मधून एक पक्षी माझ्याकडे बघत होता. तांबूस पोट, पांढऱ्या ठिपक्याचा डोळा, उघडी चोच. दुसऱ्या ड्रेसवर होता. तिसऱ्यावर दोन होते.

“पाखरं किती गोड शेतस नं ताई,” हिराअक्का म्हणाल्या. “आम्हले वाटनं, तुम्हीनच सांगं व्हई.”

मी पर्समधून तो पंज्याएवढा नमुना काढला. पानं, वेल, कळी. आणि कोपऱ्यात एक लांबट, टोकदार, जरा वाकलेलं पान. ते पान नव्हतं. ती शेपटी होती. बाकीचा पक्षी कात्रीच्या पलीकडे राहिला होता. छपाईचं चित्र हात-दीड हाताचं असतं आणि तेच पुन्हा पुन्हा येत राहतं. मी त्यातला एक घास चाखून अख्खं जेवण पास केलं होतं.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडते. कारागिराला फोन लावून ओरडले, एजंटाला फोन लावून ओरडले, हिराअक्कांनी चहा पुढे केला तर त्यांच्यावरही ओरडले. नाना ड्रेस एक एक करून उतरवत होते, घडी घालत होते आणि जपून गाडीत ठेवत होते.

“चाल,” ते म्हणाले. “इथं ओरडून काय पाखरं उडणार शेत का?”

धुळ्याच्या रस्त्यावर

जळगाव ओलांडून पाळधीपाशी आल्यावर मी बांडुंगला फोन लावला. पाक हेंद्रांनी या वेळी केळ्यांचा विषय काढला नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं की पूर्ण चित्राची फाइल त्यांनी मला पाठवली होती. पाठवली होतीच. मी ती मोबाइलवर उघडली होती, पोस्टाच्या तिकिटाएवढी, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना.

मी त्यांना अडचण सांगितली. 

“माझ्या आईच्या नेसायच्या सारोंगवर मोर आहेत,” ते म्हणाले. “ती पाचही वेळा नमाज पढते. पण घराघराची रीत वेगळी असते. तुम्ही त्या घरात सांगितलं का?”

मी म्हटलं, अजून नाही. आणि फोन ठेवला.

खरं सांगायचं तर सांगायचा माझा विचारच नव्हता. एरंडोल येईपर्यंत मी मनात सगळं जुळवलं होतं. दादींना दिसत नाही. पक्षी चुण्यांमध्ये दडतात. मेहंदीच्या गर्दीत कोण कुणाच्या छातीवरची पानं मोजत बसतंय? एकदा दिवस निभला की निभला. मी हे नानांना बोलून दाखवलं.

“आन् सनानं पाह्यलं त?” त्यांनी विचारलं.

“तिला मी समजावीन.”

“म्हंजे तूही लपवशीन आन् त्या पोरीलेही लपवाले लावशीन,” नाना म्हणाले. “तिच्याच लग्नात. तिच्याच दादीपासून.”

मी खिडकीबाहेर बघू लागले. हिवाळ्यात हा रस्ता खरं म्हणजे बघण्यासारखा असतो. कापसाने खच्चून भरलेले ट्रॅक्टर, फांद्यांना अडकलेले त्याचे पुंजके, ज्वारीच्या ताटांवर तिरपं ऊन. मला त्यातलं काही गोड लागेना. जिकडेतिकडे तारांवर पाखरं बसलेली तेवढी दिसत होती.

पारोळा मागे टाकून मुकटीजवळ आलो आणि मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली तर तीही बसलेली. नानांनी हात करून एका टेम्पोवाल्याला थांबवलं, चाक त्याच्याबरोबर पुढे पंक्चर काढायला पाठवलं आणि पुलाच्या कठड्यावर डबा उघडला. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात. आमच्याकडे हिवाळ्यातलं भरीत म्हणजे नुसतं जेवण नसतं. काट्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास आला की भांडणं थांबतात. मी भाकरी नुसती हातात धरून बसले.

“नाना, सांगितलं आणि त्यांनी सगळे ड्रेस परत दिले तर?”

“त देतीन.”

“धुळ्यात पुन्हा कुणी मला दारात उभं करणार नाही.”

“आन् नाही सांगितलं त तूच कोनाच्या दारात उभी राहू शकणार नाही,” नाना भाकरी मोडत म्हणाले. “खाय. उपाशीपोटी खरं बोलवत नाही माणसाले.”

मी खाल्लं. चाक आलं. उरलेल्या रस्त्यात मी सांगायची वाक्यं मनात जुळवत राहिले. 

धुळे

सनाच्या वडिलांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान आहे. घर त्याच्या वरच. जिन्यावर चढवलेल्या दिव्यांच्या माळा, दारात चपलांचा ढीग. सना धावत आली, गाठोड्याला हात घातला. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, आधी दादींपाशी चल.

दादी पलंगावर बसल्या होत्या. तरुणपणी त्या आठवडी बाजारांतून बांगड्या विकायच्या, त्यामुळे घरात सगळे हिंदी बोलत असले तरी दादींची अहिराणी अस्सल. सनाची आई शाहीनभाभी पाणी घेऊन आल्या. कोपऱ्यात फुफी अडकित्त्याने सुपारी कातरत होती.

“क्या हुआ ताई? चेहरा काहे को उतरेला है?” शाहीनभाभींनी विचारलं.

मी ड्रेस उलगडला, पक्ष्यावर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. नमुना दाखवला, शेपटी दाखवली. माझी चूक आहे, म्हटलं. तुम्ही म्हणाल तसं.

खोलीत अडकित्त्याचाही आवाज थांबला. शाहीनभाभी खाली बसल्या. फुफी ड्रेसकडे बघून मग सनाकडे बघत म्हणाली, “मैं पहलेच बोली थी. सूरत से लाओ.”

ती मला बोलली असती तर बरं झालं असतं. सनाचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मला तिच्याकडे बघवेना. त्या पोरीने माझ्यासाठी घरातल्या सगळ्यांशी वाद घातला होता आणि मी तिला तोंडघशी पाडलं होतं.

“आण इकडे,” दादी म्हणाल्या. त्यांनी ड्रेस मांडीवर घेतला. “कोठे शे पाखरू? मन्हं बोट ठेव तठे.”

सनाने त्यांचं बोट पक्ष्यावर ठेवलं. दादींनी ते बोट हळू फिरवलं, जसं काही छापलेल्या रंगाला उंचवटा असतो.

“मुंडकं केवढं शे?”

“हरभऱ्याएवढं,” मी म्हटलं.

“मन्ही माय भांडासवरना मोरना मुंडक्यावर रंग लाई दे. म्हणे, मुंडकं नही, त मंग तो मोर नही. झाड शे.” मग त्या शाहीनभाभींकडे वळल्या. “पण मी काय आलिम नही. मौलानाले इचारा.”

सनाचे वडील खालून वर आले, पुन्हा खाली गेले. फोन लागेना, नमाजची वेळ होती. आम्ही बसून राहिलो. एवढं लांब बसणं मी आयुष्यात बसले नसेन. शाहीनभाभींनी नानखटाई पुढे केली. नानांनी एक अलगद उचलली. मी नाही म्हटलं, मग अपमान होईल म्हणून घेतली, आणि ती हातातच चुरली.

शेवटी सनाचे वडील दारात आले. मौलानांनी सांगितलं होतं की पक्ष्याचं डोकं नीट झाकलं, पक्षी पक्षी राहिला नाही, तर हरकत नाही. तरी नमाजच्या वेळी वरून मोठी ओढणी घ्यावी.

“सुई लई या,” दादी म्हणाल्या.

ठरलं असं की प्रत्येक पक्ष्याच्या डोक्यावर भरतकामाचं एकेक पान काढायचं. नाना कपड्याचं चिंधुक घेऊन पाचकंदीलच्या बाजारात दोरा आणायला गेले आणि पोपटी दोरा घेऊन आले. सनाने पहिलं पान भरलं. पक्षी झाकला गेला नाहीच, उलट त्याने टोपी घातल्यासारखं दिसू लागलं. सना बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. तिच्या मागोमाग शाहीनभाभी हसल्या. मग मलाही हसू फुटलं.

नाना पुन्हा गेले. या वेळी चिंधुक नको म्हणाले. अख्खा अनारकली खांद्यावर टाकून गेले. दुकानदाराने त्यांना विचारलं म्हणे, काका, तुमच्याच मापाचा आहे का. पण दोरा अचूक आला.

मग चुलत्या, मावश्या, शेजारणी जमल्या. प्रत्येकीच्या मांडीवर एक ड्रेस. मगरिबची अजान झाली तेव्हा सगळ्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. मी आणि नाना सुया टोचलेल्या कपड्यांच्या ढिगात बसून राहिलो. आमच्याकडे त्या वेळी देवापाशी दिवा लावतात आणि लहान मुलांना गप्प बसवतात. इथेही कुणीतरी एका पोराला दटावून गप्प बसवत होतं. त्यांचं आटोपल्यावर जेवणं झाली. मला भात आणि वरण वेगळं वाढलं होतं, न विचारता. आणि खापरावरची पुरणपोळी, आपल्या घरी असते तशीच, रुमालासारखी पातळ. आमच्या दोन घरांमधलं अंतर तिच्यापुरतं तरी नव्हतंच.

रात्री आम्हाला शेजारच्या घरी झोपायला दिलं. फुफीने मात्र दिवसभर सुईला हात लावला नव्हता. आपला ड्रेसही तिने ढिगातून काढून कपाटात ठेवला होता.

मेहंदी

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बोटं दुखेपर्यंत काम चाललं. ड्रेस संपत आले होते. सनाचा स्वतःचा शेवटी ठेवला होता. त्याला घेर सगळ्यांत जास्त, म्हणून पक्षीही सगळ्यांत जास्त. दुपारच्या नमाजनंतर मेहंदीवाल्या बायका आल्या आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळ्यांनी मिळून केवढी मोठी चूक केली होती. मेहंदी लागली की हात बंद.

त्या बायकांना खोळंबून चालणार नव्हतं, त्यांना संध्याकाळी दुसऱ्या घरी जायचं होतं. आधी सनाचे हात गेले. मग शाहीनभाभींचे. मग एकेक चुलती, एकेक मावशी हात पुढे करून भिंतीला टेकून बसू लागली. प्रत्येक वेळी एक सुई कमी. बघता बघता त्या खोलीत भरतकाम करणारी मी एकटी उरले. सना हात पसरून समोर बसली होती आणि माझ्या सुईकडे बघत होती.  घेराचा अर्धा भाग अजून पाखरांनी भरलेला होता. मी दोनदा दोरा तोडला. चष्मा पुसला. होत नाही हे मला दिसत होतं, तरी मी पुढचं पान घेतलं.

माझ्या समोर कुणीतरी बसलं. फुफी होती. तिचे दोन्ही हात कोरे होते. मेहंदीवालीने तिला बोलावलं तर ती म्हणाली, “मेरा आखिर में. पहले दुल्हन का जोड़ा.”

तिने घेराचं दुसरं टोक मांडीवर ओढून घेतलं आणि दोरा ओवला. तिची पानं माझ्यापेक्षा कितीतरी सुबक होती, शिरांसकट. आम्ही दोन्ही टोकांकडून मधे येत गेलो. तिने एकदाही वर बघितलं नाही.

“फुफी, तुमचा ड्रेस?” मी विचारलं.

“कल रात को किया,” ती म्हणाली. “तेरी पोपटी टोपीवाला धागा बाकी था, उससे. मेरे पक्षी टोपी पहने हैं.”

मला हसावं की रडावं कळेना. शेवटची गाठ आम्ही मारली तेव्हा सना उठली आणि कोपराने माझ्या गळ्यात हात घातले, मेहंदी लागू नये म्हणून. माझ्या पाठीला तरी लागलीच. तो कुर्ता मी अजून धुतलेला नाही.

संध्याकाळी सगळ्या ते वेलींचे ड्रेस घालून बसल्या. दादींनी सनाचा घेर हातात घेतला, एका पानावरून बोट फिरवलं. आता खरंच उंचवटा होता.

“झाड शे,” त्या म्हणाल्या.

जिना उतरताना फुफी मागून आली. तिच्या हाताला आता ओली मेहंदी होती. “मेरी बेटी का भी अगले साल है,” ती म्हणाली. “नमूना चादर जितना लाना.”

परत

जळगावला आल्यावर मी पाक हेंद्रांना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं की भरतकामामुळे चित्र सुधारलं आहे, आणि पुढच्या वेळी नमुना किती मोठा पाठवू? मी लिहिलं, पलंगावर अंथरता येईल एवढा.

तो गेल्या आठवड्यात आला. निळ्या पाण्यातल्या वेली, फार देखणं चित्र. मी आणि नानांनी गच्चीवर चटई टाकली, कपडा उन्हात पसरला आणि दोघंही गुडघ्यांवर रांगत बघू लागलो. नाना भिंग घेऊन आले होते. काहीच सापडेना. मला आनंद व्हायला लागला होता. तेवढ्यात अगदी काठाशी, लाटेत, नानांचं बोट थांबलं.

मी धुळ्याला फोन लावला.

“फुफी, वेलीत मासा आहे.”

पलीकडे अडकित्ता वाजला. “आँख है उसको?”

“आहे.”

“तो दूसरा दिखा,” ती म्हणाली. “और सुन, बेटी का माप लेने को कब आती?”

मी म्हटलं, सोमवारी येते. नानांनी चटई गुंडाळली आणि स्टेपनीत हवा आहे का ते बघायला खाली गेले.